काचेचं खुराडं

[दृश्य : अंधारी खोली, पिवळसर उजेड. काचेची प्लेट धरलेले दोन हात.]

या बोटांकडे बघा. मतदान केल्यावर आपल्या बोटाला जी शाई लावतात, तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं. इथेही तेच आहे. साबणानं ते जात नाही. वरची कातडी निघून जाईल तेव्हाच डाग जाईल.

हात आजचे आहेत, फोटो काढायची ही पद्धत दीडशे वर्षांहून जुनी. ती आम्ही सगळी दाखवणार आहोत, कारण पुढे जे चेहरे दिसणार आहेत ते आधी अशाच हातांतून गेलेत.

[दृश्य : समुद्रावरून येणारा वारा, गवत. दूर पांढरं घर.]

इंग्लंडच्या दक्षिणेला आयल ऑफ वाइट नावाचं बेट आहे. त्याच्या पश्चिम टोकाला फ्रेशवॉटर गाव. हे घर म्हणजे शेजारशेजारच्या दोन घरांना मधे एक मनोरा बांधून केलेलं एकच घर. नाव डिंबोला. सिलोनमधल्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेतल्या, कॉफीच्या मळ्यावरून ठेवलेलं. घराची मालकीण होती ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन. आम्ही यांना कॅमेरॉनबाईच म्हणू.

बाई जन्मल्या कोलकात्यात, गार्डन रीचला, ११ जून १८१५ रोजी. वडील ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी, आई फ्रेंच वंशाची. १८३६ मध्ये प्रकृतीसाठी त्या आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपला गेल्या. तिथे दोन माणसं भेटली. एक चार्ल्स कॅमेरॉन, वीस वर्षांनी मोठे कायदेपंडित, मेकॉलेच्या विधी आयोगातले. १८३८ मध्ये कोलकात्यात दोघांचं लग्न झालं. दुसरे खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल. दक्षिणेकडचं आकाश नोंदवायला ते केपला आले होते. फोटो टिकवायला जे हायपो लागतं, त्यात चांदीचे क्षार विरघळतात हे शोधणारे हेच. या नव्या विद्येबद्दल त्यांनी बाईंना पत्रांतून कळवलं, १८४२ मध्ये नमुनेही पाठवले. त्या वेळी बाईंनी ते नुसते पाहिले. कॅमेरा हातात यायला आणखी एकवीस वर्षं जायची होती.

[दृश्य : लाकडी कॅमेरा. भाता उघडतो, मिटतो.]

डिसेंबर १८६३. नवरा सिलोनला मळ्यांवर, मुलं मोठी झालेली. मुलगी आणि जावयानं हा एक खोका भेट दिला. आई, एकटी असतेस, करमणूक होईल, एवढाच त्यांचा हेतू. बाईंचं वय अठ्ठेचाळीस. ज्या वयात नातवंडांची अंगडी शिवावीत असं जग म्हणतं, त्या वयात त्यांनी कोळशाची कोठी रिकामी करून डार्करूम केली. मुलांसाठी कोंबड्यांचं काचेचं खुराडं होतं, त्याचा स्टुडिओ झाला. कोंबड्यांना मोकळं सोडलं. त्या कुणी खाल्ल्या नसाव्यात अशी आशा आहे, हे बाईंनीच लिहून ठेवलंय.

[दृश्य : पुन्हा हात. बाटलीतून काचेवर ओतलं जाणारं दाट पारदर्शक द्रव्य.]

हे कोलोडियन. ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवलेला नायट्रेटचा कापूस, त्यात थोडं आयोडाइड. घावन घालताना तवा फिरवतात ना, तशी प्लेट फिरवायची. एका कोपऱ्यातून दुसऱ्यात, मग तिसऱ्यात, आणि चौथ्यातून उरलेलं परत बाटलीत. मनगट जरा अडखळलं की लाट उमटली. घावनाची लाट तव्यावर जिरते. ही चेहऱ्यावर कायमची बसते.

मग प्लेट चांदीच्या द्रावणात. काही मिनिटांत साईसारखा रंग येतो. आता तिला दिसू लागलं. पण तिला दिसतो तो निळा प्रकाश. लाल-पिवळा जवळपास दिसतच नाही, म्हणून या खोलीत हा दिवा चालतो. आणि म्हणूनच गोऱ्या माणसाच्या गालावरचे फिकट वांग या फोटोंत ठसठशीत काळे उमटतात.

इथून घाई. प्लेट ओली आहे तोवरच सगळं उरकायचं. बंद चौकटीत घालून खुराड्यापर्यंत धावायचं, झाकण काढायचं, समोरच्या माणसाला हलू नका म्हणून दटावायचं, परत डार्करूमकडे धावायचं, वरून लोहाचं द्रावण ओतायचं, धुवायचं, फिक्सरमध्ये घालायचं. फिक्सर कधी हायपो, कधी पोटॅशियम सायनाइड. हो, तेच विष. बाईंचे हात त्यातच असायचे.

१८६६ पासून त्या बारा बाय पंधरा इंचांची प्लेट वापरायला लागल्या. मोठ्या ताटाएवढी काच. ती ओली ठेवून, तोलून, अंधारात. बाईंचा पहिला फोटो गेला, कारण ओल्या बाजूवरूनच त्यांचा हात फिरला.

[दृश्य : ॲनी फिलपॉटचं छायाचित्र. आधी पूर्ण, मग फक्त डोळे.]

जानेवारी १८६४. मुलीचं नाव ॲनी. खाली बाईंच्या अक्षरात लिहिलंय, माझं पहिलं यश. फोटो साधल्यावर त्या घरभर धावत सुटल्या, मुलीला द्यायला भेटवस्तू शोधत. चित्र तिनंच काढलं असं त्यांना वाटत होतं. त्याच दिवशी प्रिंट काढून, चौकटीत बसवून त्यांनी तो मुलीच्या वडिलांच्या हातात दिला.

[दृश्य : एकामागून एक चेहरे. टेनिसन, डार्विन, कार्लाइल.]

शेजारी राहायचे राजकवी टेनिसन. त्यांच्याकडे येणारा पाहुणा खुराड्यात जायचाच. अमेरिकन कवी लाँगफेलो १८६८ मध्ये आले. टेनिसननी त्यांना इथे आणून सोडलं आणि बजावलं : ती सांगेल ते करावं लागेल, तुमचं काय शिल्लक राहिलंय ते बघायला मी थोड्या वेळानं येतो.

त्याच उन्हाळ्यात चार्ल्स डार्विन सहकुटुंब बाईंच्याच घरात भाड्यानं राहत होते. आपला हा फोटो आजवरच्या सगळ्या फोटोंपेक्षा जास्त आवडला, असं त्यांनी लिहून दिलं. बाईंनी ते वाक्य फोटोखाली छापून विकायला ठेवलं. ज्यांना त्या नुसत्या हौशी वाटतात, त्यांच्यासाठी ही माहिती. कोलनागी या लंडनच्या दुकानातून त्यांचे प्रिंट विकले जायचे, आणि पाचशेहून जास्त फोटोंचे हक्क त्यांनी रीतसर नोंदवले.

[दृश्य : जॉन हर्शेल, १८६७. हळूहळू जवळ.]

आणि हे हर्शेल. यांच्याकडे बाई स्वतः कॅमेरा घेऊन गेल्या. यांना केस धुवायला लावले होते, असं सांगतात. हे पिंजलेले पांढरे केस म्हणूनच. खुर्ची नाही, खांब नाही, पुस्तकांचं कपाट नाही. त्या काळी फोटोवाला गिऱ्हाइकाचं सामान टिपायचा. बाईंनी काळ्या कापडात फक्त डोकं ठेवलं.

[थोडा वेळ निवेदन नाही.]

[दृश्य : नखाएवढा भाग, खूप मोठा करून. ओरखडा. ठसा.]

आता ज्यावरून भांडण झालं ते. चेहरा पुसट आहे. कोपऱ्यात बोटाचा ठसा आहे, कुठे कोलोडियन उचललं गेलंय. छायाचित्रकारांच्या नियतकालिकांनी झोडपून काढलं : धाडस आहे, बाकी काही नाही.

सुरुवातीची पुसटता अपघातच होती, हे बाईंनी मोकळेपणानं मान्य केलंय. पहिल्या भिंगातून डोळ्याला जिथे स्पष्ट दिसायचं आणि प्लेटला जिथे स्पष्ट दिसायचं, त्या दोन जागा एक नव्हत्या. शिवाय काही फोटोंना मिनिटं-मिनिटं लागायची, माणूस श्वास तर घेणारच. पण त्या लिहितात, फोकस करत असताना डोळ्याला सुंदर वाटलं की मी तिथेच थांबले. इतर सगळे भिंग आणखी फिरवायचे. फोकस कुठला खरा, हे ठरवायचा हक्क कुणाला, असं त्यांनी १८६४ च्या शेवटच्या दिवशी हर्शेलना पत्रातच विचारलं. भिंगं पुढे बदलली, प्लेट मोठी झाली. थांबायची जागा बाईंनी बदलली नाही. याला चूक कसं म्हणणार?

साउथ केन्सिंग्टन म्युझियमनं, म्हणजे आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टनं, १८६५ मध्येच त्यांचे फोटो विकत घेतले आणि मांडले. १८६८ मध्ये तिथल्या दोन खोल्या त्यांना स्टुडिओ म्हणून वापरायला दिल्या.

[दृश्य : मेरी रायन.]

ही मेरी रायन. आईबरोबर भीक मागत होती, बाईंनी घरी आणली, शिकवली. घरकाम करायची आणि फोटोंत मॅडोना, म्हणजे येशूची आई मेरीसुद्धा व्हायची. प्रदर्शनात हिला पाहून एका तरुणानं ठरवलं, लग्न करायचं तर हिच्याशी. नाव हेन्री कॉटन. लग्न झालं १८६७ मध्ये. १९०४ च्या मुंबईतल्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष सर हेन्री कॉटन, ते हेच.

[दृश्य : नकाशा. इंग्लंड ते सिलोन.]

मळ्यांतून पैसा येईना, कॉफीवर रोग पडला. ऑक्टोबर १८७५ मध्ये दोघं सिलोनला गेली. सामानात एक गाय आणि दोन शवपेट्या होत्या. तिथे मळ्यावरच्या मजुरांचे आणि गावकऱ्यांचे मोजकेच फोटो काढले गेले. २६ जानेवारी १८७९ रोजी बाई गेल्या.

[दृश्य : मारियान नॉर्थ, सिलोन.]

त्याआधी, १८७७ मध्ये, चित्रकार मारियान नॉर्थ त्यांच्याकडे राहायला आल्या होत्या. बाईंनी त्यांना नारळाच्या झाडांखाली उभं केलं. भर दुपारचं ऊन, पारा ९६ अंश फॅरनहाइटवर, झावळ्यांची टोकं डोक्यात टोचतायत. आणि कॅमेऱ्यामागून बाईंची सूचना : अगदी सहज उभ्या राहा.

[फोटो तसाच राहू द्यावा. संगीत नको.]