वचन उमगत गेले : पंडिता रमाबाईंचे शास्त्रवाचन

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव लागते. पंडिता रमाबाईंनी येथे निराधार स्त्रियांसाठी उभारलेल्या मुक्ती मिशन या आश्रयसंस्थेचे काम आजही चालू आहे. रमाबाईंच्या समाजकार्याविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, वाचक म्हणून त्यांनी जी वाट चालली, तिच्याकडे मात्र फार थोड्यांचे लक्ष गेले. ती वाट सरळ नव्हती, आणि म्हणूनच श्रद्धेने शास्त्र वाचणाऱ्या प्रत्येकाला ती जवळची वाटावी.

१८५८ साली जन्मलेल्या रमाबाईंना ग्रंथ पाठ करण्याची शिस्त घरातूनच मिळाली होती. आईवडिलांबरोबर तीर्थक्षेत्रे पालथी घालत असताना त्यांनी भागवताचे १८,००० श्लोक लहान वयातच मुखोद्गत केले, आणि १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्यांनी गौरविले. पुढे विवाहानंतर सिल्चरला राहत असताना पतीच्या ग्रंथसंग्रहात त्यांना लूककृत शुभवर्तमानाची (बायबलमधील येशूच्या एका चरित्राची) बंगाली पुस्तिका सापडली. ती त्यांनी आवडीने वाचली. अनेक ग्रंथ वाचलेल्या विदुषीने आणखी एक ग्रंथ वाचावा, तसेच ते वाचन होते.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. लंडनच्या फुलहॅम भागात, समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या ख्रिस्ती भगिनी, म्हणजे व्रतस्थ संन्यासिनी, त्यांनी पाहिल्या, आणि या स्त्रियांविषयी तुम्हाला इतकी कळकळ का वाटते, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल एका भगिनीने योहानकृत शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखविला. भर दुपारी विहिरीवर एकटीच पाणी भरायला आलेली, यहुद्यांनी दूर ठेवलेल्या शोमरोनी समाजातली स्त्री, आणि तिच्याकडे पाणी मागणारा, तिचे सारे आयुष्य ठाऊक असूनही तिच्याशी उपासनेविषयी बोलणारा येशू! जो अध्याय ऐकला, त्याचाच अर्थ समोरच्या घरात हातांनी काम करीत होता. वचन आधी कोणाच्या तरी जगण्यात दिसावे लागते, मग ते पानावर वाचता येते, असे आम्हाला येथे आवर्जून म्हणावेसे वाटते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला.

तरीही समज पुरी झाली नव्हती. बाप्तिस्म्यानंतर त्यांनी आपल्याला शिकविणाऱ्या ख्रिस्ती भगिनींशी त्रैक्यासारख्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, अशा) सिद्धान्तांवर पत्रांतून कसून वाद घातला, कारण शास्त्रात स्वतःला जे सापडत नाही, ते केवळ कोणी सांगितले म्हणून मान्य करण्याची त्यांची तयारी नव्हती. पुढे सुमारे आठ वर्षांनी आलेल्या अनुभवाविषयी त्यांनी अतिशय प्रांजळपणे लिहून ठेवले आहे. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण ज्याच्यामुळे तो धर्म आहे, तो ख्रिस्तच सापडलेला नाही, हे त्यांच्या ध्यानात आले होते.

हे वाचताना योहानकृत शुभवर्तमानातील निकदेमाची आठवण येते. तोही शास्त्राचा जाणकार गुरू होता, रात्रीच्या वेळी येशूकडे आला आणि ‘नवा जन्म’ हे शब्द ऐकून गोंधळला. मूळ ग्रीकमध्ये त्या ठिकाणी ‘अनोथेन’ हा शब्द आहे, आणि त्याचे ‘पुन्हा’ व ‘वरून’ असे दोन्ही अर्थ होतात. निकदेमाने पहिला अर्थ धरला आणि म्हातारा माणूस पुन्हा आईच्या उदरात कसा जाईल, असे विचारले. येशू दुसऱ्या अर्थाकडे बोट दाखवीत होता. पुढच्याच ओळींत वाऱ्याचा दृष्टान्त येतो, आणि ग्रीकमध्ये वारा व आत्मा या दोहोंना ‘न्यूमा’ हा एकच शब्द आहे. मराठीत दोन शब्द वापरावे लागतात, म्हणून भाषांतरकाराला त्या ओळीपाशी बराच वेळ थांबावे लागते.

असे थांबणे रमाबाईंनी पुढे आपल्या आयुष्याचे काम म्हणून पत्करले. दुष्काळातून वाचवून आणलेल्या शेकडो मुली आणि विधवा केडगावला राहत होत्या. त्यांना अक्षरओळख झाली, तरी तेव्हाच्या मराठी बायबलची भाषा त्यांना जड जात असे. म्हणून रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषांचा आधार घेऊन संपूर्ण बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करायला घेतले. संस्कृतवर असामान्य प्रभुत्व असलेल्या या स्त्रीने भारदस्त शब्द बाजूला ठेवून चुलीपाशी बोलला जाणारा शब्द शोधावा, यात आम्हाला त्यांच्या श्रद्धेची सर्वांत मोठी वाढ दिसते. ज्या विद्वत्तेने एकेकाळी सभा जिंकल्या होत्या, तीच आता निरक्षर आलेल्या बाईला एक ओळ समजावी म्हणून राबत होती.

छपाईही केडगावलाच झाली. मिशनच्या छापखान्यात स्त्रियाच खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरे, जुळवीत. एकेक अक्षर, एकेक काना, एकेक वेलांटी हाताने उचलून उलट्या क्रमाने ओळ लावायची, आणि ठसा उमटल्यावर ती सुलटी वाचायची. त्या मुलींइतके सावकाश बायबल क्वचितच कोणी वाचले असेल.

१९२१ साली रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. ऐकू येणे कमी झालेले, शरीर थकलेले, तरी रमाबाईंनी काम सोडले नाही. उरलेली मुद्रिते (छपाईपूर्वीचे तपासणीचे कागद) तपासून होईपर्यंत आयुष्य मिळावे, अशी प्रार्थना त्यांनी अखेरच्या दिवसांत केली, असे सांगतात. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा भाषांतर पूर्ण झालेले होते. १९२४ साली संपूर्ण ग्रंथ छापून बाहेर पडला आणि पहिल्या प्रती केडगावच्या बायकांच्या हाती आल्या.