चुंबकाला न चिकटलेलं

(दृश्य: इंदूर. भंगाराच्या दुकानाचं दार, तराजू, पत्र्यांचा ढीग.)

स्वच्छ सर्वेक्षणात 2017 पासून इंदूर वर्षानुवर्षं पहिलं आलं. घराघरांत कचरा वेगळा करायची सवय लागली, याचा त्यात मोठा वाटा. भंगाराच्या दुकानातही सगळी किंमत वेगळं करण्यालाच आहे.

सुरुवात चुंबकापासून. चिकटलं ते बहुतेक लोखंड. त्यातही बीड, म्हणजे ओतीव लोखंड, बाजूला काढायचं. घण घातला की बीड तुटतं, पोलाद वाकतं. बिडात 2 ते 4 टक्के कार्बन असतो, हा ठिसूळपणा त्याचाच.

(दृश्य: जुना नळ, हातात कानस.)

हा नळ मात्र चुंबकाला दाद देत नाही. दुकानदार काका कडेवर कानस घासतात. चकाकत्या क्रोमखालून पिवळं निघालं, म्हणजे पितळ: तांबं आणि जस्त. पांढरट निघालं असतं तर तो जस्ताचा मिश्रधातू, आणि भाव बराच खाली. स्टीलच्या डब्यांत फसगत जास्त. चांगल्या प्रतीच्या स्टीलमध्ये 8 टक्क्यांच्या आसपास निकेल असतं आणि चुंबक त्याला चिकटत नाही. पण कमी निकेलच्या स्वस्त स्टीललाही ते चिकटत नाही. तिथे अनुभवी नजर लागते किंवा तपासणीचं यंत्र.

"ताई, या जर्मनच्या पातेल्याचे लोखंडी कान काढून आणा. मग पूर्ण भाव देतो."

जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम. काकांचं म्हणणं रास्त आहे. जुनं ॲल्युमिनियम वितळवायला, खनिजापासून नवं काढण्याच्या मानाने, जेमतेम 5 टक्के ऊर्जा लागते. पण त्यात लोखंड विरघळलं तर ते काढणं फार अवघड, आणि माल ठिसूळ होतो. पोलादात तांबं गेलं तरी तीच गत. भट्टी ते बाहेर काढू शकत नाही, आणि तापलेलं पोलाद लाटताना त्याला भेगा पडतात. म्हणून मोटर फोडून तिचं तांबं वेगळं करायला लागणारा वेळ वाया जात नाही.

तांब्यासाठी वायरी जाळणं मात्र थांबायलाच हवं. प्लास्टिकचा तो धूर विषारी असतो, आणि जळून काळवंडलेल्या तांब्याला भावही कमी मिळतो. वायर सोलावी.

गाडीची बॅटरी तर घरी उघडूच नये. आत शिसं आणि गंधकाचं आम्ल असतं, आणि शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. नवी घेताना जुनी अख्खीच दुकानदाराच्या हवाली करा.