आत्याची वही

नमस्कार श्रोतेहो. पाणी आज येणार की उद्या, या विचारानं सोलापुरातल्या किती घरांत पहाटे चारला जाग येते, हे तुम्हाला सांगायला नको. नळ आला की ती काळजी मिटते. पोराची नोकरी, घराचा हप्ता, दुखणीखुपणी, या काळज्या मात्र रात्रभर पाठ सोडत नाहीत. त्यावर एकच गोष्ट सांगते. काळजी लिहून ठेवायची, आणि तिची वेळ ठरवायची.

हे मला आत्यानं शिकवलं. सोलापूरच्या पूर्व भागात ती विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी कापलेली तेंदूची पानं. कारखान्यात छाट, म्हणजे नापास ठरवलेल्या विड्या, किती निघेल, ही धाकधूक रोजचीच. मी सातवीत होते, तिच्याकडे राहायचे. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर ती माझ्याकडून लिहून घ्यायची. 'भाडं थकलंय.' 'पत्रा गळतोय.' 'धाकटीचा खोकला जाईना.' संध्याकाळी माल देऊन आली, चहा हातात घेतला, की म्हणायची, "वाच गं." निम्म्या ओळींना "खोड" म्हणायची. उरलेल्यांतलं एक काम धरून लगेच उठायची.

एकदा रात्री दोनला तिनं मला हलवून उठवलं. थोरला पुण्याला कामाला होता. "लिही, तीन दिवस फोन नाही." मी दिवा लावून लिहिलं. "लिहिलंस?" "लिहिलं." ती कुशीवर वळली आणि झोपली. मी सकाळपर्यंत जागी. संध्याकाळी ती ओळ वाचली, तशी चहा तसाच ठेवून ती कोपऱ्यावरच्या दुकानात गेली, थोरल्याच्या मालकाला फोन लावला. पोरगा तापानं फणफणला होता. रात्रीच्या एसटीनं आत्या पुण्याला गेली. काळजी खरीच होती, श्रोतेहो. पण रात्री दोनला तिच्या हातात करण्यासारखं काही नव्हतं, संध्याकाळी होतं.

मानसोपचारातही हीच रीत आहे. दिवसातला अर्धा तास काळजीसाठी राखायचा, झोपायच्या तोंडावरचा नको. मधे विचार आला की लिहायचं आणि 'संध्याकाळी बघू' म्हणायचं. पुन्हा सांगते, लिहायचं आणि वेळ ठरवायची. हातही गुंतलेले असू द्या. शेंगाचटणी उखळातच कुटा. मिक्सरमधल्या चटणीला ते तेल सुटत नाही आणि ती चवही येत नाही, हे मी आयुष्यभर सांगत आलेय. छाती धडधडली तर चार आकडे मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा.

आठवडेच्या आठवडे झोप नसेल, कामात जीव लागत नसेल, तर डॉक्टरांकडे जायचंच. टेलिमानस, म्हणजे मनाच्या त्रासासाठी सरकारची हेल्पलाइन, तिचा नंबर आहे १४४१६. मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीतून बोलता येतं. लिहून घ्या, १४४१६.

ती वही माझ्याकडे आहे. 'तीन दिवस फोन नाही' ही ओळ आत्यानं पुण्याहून आल्यावर माझ्या हातातलं पेन घेऊन स्वतः खोडली. कागद तिथं फाटलाय.