बागेतला मोर

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या कॉलनीच्या बागेत, पाण्याच्या नळामागच्या भिंतीवर एका मिस्त्रीकाकांनी मोर केला होता. आयुष्यभर लोकांच्या घरात फरश्या बसवल्या, आता निवृत्त. कुणाची परवानगी नाही, कुणाकडे एक पैसा मागितला नाही. उरल्यासुरल्या टाइल्सचे तुकडे, कान तुटलेले कप आणि पिसाऱ्याला हिरव्या-निळ्या बांगड्यांच्या काचा. दोन महिने रोज सकाळी घमेलं घेऊन येत होते. मग एका सोमवारी ‘विनापरवाना’ म्हणून भिंतीला छिन्नी लागली. पिसारा गेला, मान तेवढी राहिली. संध्याकाळी मुलं मातीतून काचा वेचत बसली होती. मला ते बघवेना.

तेव्हापासून चंडीगड डोक्यातून जात नाही. वास्तुविशारद ल कॉर्बुझिएने आखलेलं ते शहर. तिथे रस्त्यांवर आणि बागांमध्ये व्यक्तींचे पुतळे उभारायचे नाहीत, असं त्याने लिहूनच ठेवलंय. त्याच शहरात नेकचंद सैनी सरकारी बांधकाम खात्यात रस्त्यांवर देखरेख करायचे. फाळणीत त्यांचं गाव सीमेपलीकडे राहिलं होतं. नवं शहर वसवताना जी खेडी पाडली, त्यांचा राडारोडा ते ड्युटी संपल्यावर सायकलवरून वाहायचे आणि सुखना तलावाजवळच्या राखीव जंगलात नेऊन त्यातून मूर्तींची बाग घडवायचे. तेच पुढे रॉक गार्डन झालं. 1950 च्या दशकाच्या अखेरीस हे सुरू झालं. तिथे बांधकामाला बंदी, म्हणून काम रात्री, जुने टायर पेटवून त्यांच्या उजेडात. सुमारे 18 वर्षं हे गुपचूप चाललं.

तिथल्या बायकांच्या मूर्ती जवळून बघाव्यात. आत लोखंडाचा सांगाडा, वर सिमेंट, आणि अंगभर नेसवलेल्या रंगीत बांगड्यांच्या काचा, ओळीने, दाटीवाटीने. आपल्याकडे बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. नेकचंदांच्या हातात ती खरोखरच वाढली. बागेतले दरवाजेही त्यांनी मुद्दाम ठेंगणे ठेवले. आत जाताना प्रत्येकाला वाकावंच लागतं.

सरकारला पत्ता लागला तेव्हा कायद्याप्रमाणे सगळं पाडायलाच हवं होतं. पण तोवर लोकांनी ते पाहिलं होतं, आणि लोक हटेनात. 1976 मध्ये बाग सर्वांसाठी खुली झाली. नेकचंदांना त्याच कामासाठी पगार मिळू लागला, हाताखाली 50 माणसं मिळाली. 1984 मध्ये पद्मश्री. पुढे बड्या लोकांसाठी रस्ता काढायचा म्हणून बुलडोझर आले, तेव्हा चंडीगडकर हातात हात धरून आडवे उभे राहिले. रॉक गार्डन वाचलं.

कुणी म्हणेल, मग गडाच्या तटावर बदाम काढून नावं कोरणाऱ्यांनाही मोकळीक द्यायची का? मुळीच नाही. तो तट आधीच कुणीतरी जीव ओतून बांधलाय, त्यावर ओरखडा काढणं ही नासधूस. झाडाला खिळे ठोकणं हीसुद्धा नासधूसच. मिस्त्रीकाकांची भिंत पोपडे आलेली होती, कोपऱ्यात पानाच्या पिचकाऱ्या होत्या. मोर आल्यावर तिथे कुणी थुंकलं नाही, हे मी रोज पाहत होते. माझं मागणं एवढंच आहे की छिन्नी लावण्याआधी बागेत बसणाऱ्यांना विचारा. फाटकावर कागद लावा, पंधरा दिवस थांबा. धोक्याचं असेल तर आम्हीच काढायला हात लावू.

मुलांनी वेचलेल्या काचा एका बरणीत भरून माझ्याकडे आणून दिल्यात. मोर पुन्हा करू द्या, असा अर्ज लिहून तयार आहे. मिस्त्रीकाका आधी नकोच म्हणत होते. काल येऊन बरणी उन्हात धरून बघून गेले. जाताना म्हणाले, “निळा कमी पडेल.” घरात वाढलेल्या निळ्या बांगड्या असतील तर टाकू नका. रविवारी सकाळी 7 वाजता आम्ही नळाजवळ आहोत.

नमस्कार.