तिसरा दांडा

[दृश्य : पहाटेचं धुकं. परभणी जिल्ह्यातल्या एका जिनिंग-प्रेसिंगचं फाटक. बाहेर कापसाच्या ट्रॉल्यांची रांग.]

निवेदन :

सकाळचे साडेसात. सेलू-मानवतच्या पट्ट्यातलं एक जिनिंग. ट्रॉल्या रात्रीपासून रांगेत उभ्या आहेत. कुणी ट्रॉलीवरच गोधडी पांघरून झोपलंय, कुणी फोनवर भाव विचारतोय. त्या भावाबद्दल बोलायला बसलो तर हा व्हिडिओ संपणार नाही. आपण सरळ मागच्या अंगाला जाऊ, गाठी उचलणाऱ्या गाडीपाशी.

[दृश्य : प्रेसमधून पट्ट्या आवळलेली गाठ बाहेर येते. फोर्कलिफ्ट सरकत पुढे येतो.]

ही रुईची, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाची गाठ, वजन १७० किलो. अशा दोन गाठींहून थोडी जास्त रुई म्हणजे एक खंडी, ३५६ किलो. व्यापारी खंडीत बोलतो, हमाल गाठीत मोजतो आणि गाडीला फक्त किलो कळतात. ही गाडी म्हणजे समोरचा फोर्कलिफ्ट. नीट पाहा, त्याला फोर्कच, म्हणजे माल उचलायचे पुढचे दोन काटेच नाहीत. फोर्कच्या जागी दोन रुंद लोखंडी पाट आहेत. दोन्ही बाजूंनी येऊन ते गाठीला कवेत घेतात. याला बेल क्लॅम्प म्हणतात.

चालवणाऱ्याला आवारात सगळे मामा म्हणतात. वीस वर्षांपूर्वी ते याच धंद्यात हमाल होते, पाठीवर गाठी वाहायचे. क्लॅम्प आला तेव्हा बाकीचे म्हणाले, आता काय, नुस्तं बसून काम. मामा अजून हसतात त्यावर.

मामा : "बसून काम हाय, पण निवांत नाही. फोर्कावर माल नुस्ता टेकलेला राहतो. इथं माल धरलेला असतो. धरलेलं सुटतं बघा."

[दृश्य : मामांच्या उजव्या हाताजवळचे दांडे, अगदी जवळून.]

हे दांडे नीट बघून ठेवा. पहिला मास्ट, म्हणजे माल वर नेणारा पुढचा उभा सांगाडा, वर-खाली करतो, दुसरा मास्ट पुढे-मागे कलवतो. हा क्रम बहुतेक गाड्यांवर सारखाच सापडतो. घोळ होतो तो तिसऱ्यापाशी. साध्या फोर्कच्या गाडीवर तिसरा दांडा बहुधा साइड शिफ्टचा असतो, म्हणजे माल चार बोटं डावीकडे-उजवीकडे सरकवायचा. या गाडीवर तिसरा दांडा क्लॅम्पचा आहे आणि साइड शिफ्ट चौथ्यावर गेलंय. शेजारच्या जिनिंगात हेच उलटं सापडेल.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. दोन हंगामांपूर्वी एका जिनिंगात, नाव कशाला घ्यायचं, बदली ड्रायव्हर आला होता. गोदामात पोती उचलणारा, हात चांगला बसलेला. चार गाठी वर नेल्या, थप्पीला लावताना जरा तिरक्या वाटल्या. सवयीनं तिसरा दांडा ओढला. गाठी सरकल्या नाहीत, क्लॅम्प उघडला. नेमकी ६८० किलो रुई बारा-चौदा फुटांवरून खाली आली. खाली रोज उभा राहणारा हमाल त्या वेळी चहाला गेला होता. मी तिथंच फाटकाशी वजनाच्या पावत्या लिहीत बसलो होतो. तो आवाज अजून कानात आहे.

नंतर दांड्यापाशी गेलो तर वेगळीच गोष्ट दिसली. क्लॅम्प चुकून उघडू नये म्हणून तिथं खटका दिलेला असतो. आधी खटका दाबायचा किंवा दांडा आडवा करायचा, मग ओढायचा. एकाच हालचालीत उघडेल असा दांडा नसावा, हे क्लॅम्पच्या गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय नियमांतच आहे. त्या गाडीवरही खटका होता. कुणीतरी तो सायकलच्या ट्यूबनं करकचून बांधून ठेवला होता. सारखं कोण दाबत बसणार, म्हणून. ड्रायव्हरला शिव्या मिळाल्या, ट्यूबवाल्याचं नाव कधी निघालंच नाही.

[दृश्य : दांड्यांशेजारी पत्र्यावर रंगवलेल्या खुणा. वरचा बाण, खालचा बाण, आत येणारे दोन बाण, बाहेर जाणारे दोन बाण.]

मामांनी इथं बाणांच्या खुणा रंगवून घेतल्यात. तिसऱ्या दांड्याच्या मुठीला तांबडा रंग. वाचता न येणाऱ्यालाही कळावं असं.

आता गाडीच्या वजनाचं बघू. थोडा हिशेब आहे, पण बैलगाडी जुंपलेल्या माणसाला तो शिकवावा लागत नाही. माल मागं जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचलतं. पुढं जास्त झाला की धुरजड होते, बैलांच्या मानेवर येते. फोर्कलिफ्टला पुढं बैल नाहीत. ती धुरजड झाली की पुढच्या चाकांवर कलते, मागची चाकं जमीन सोडतात. आणि वळायची चाकं मागचीच. मागचं वजन हलकं झालं की स्टेअरिंग हातात राहून न राहिल्यासारखं होतं.

[दृश्य : खडूनं जमिनीवर काढलेली आकृती.]

समजा, गाडी किती उचलते त्याच्या पाटीवर लिहिलंय २,५०० किलो. त्याच्यापुढं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं : ५०० मिलिमीटरवर. म्हणजे मालाचा मध्य फोर्कच्या उभ्या तोंडापासून अर्धा मीटर पुढं असेल तरच. पुढच्या चाकांच्या आसापासून ते तोंड ४५० मिलिमीटर धरू. २,५०० गुणिले ९५० म्हणजे २३ लाख ७५ हजार. हे किलो नव्हेत, किलो गुणिले मिलिमीटर, म्हणजे गाडी पुढं कलवणारा जोर. एवढा जोर ही गाडी तोलू शकते.

आता क्लॅम्प चढवा. त्याचं वजन ७०० किलो, मध्य आसापासून ७०० मिलिमीटरवर. ४ लाख ९० हजार तिथंच गेले, एकही गाठ न उचलता. वर क्लॅम्पच्या जाडीमुळं माल २०० मिलिमीटर पुढं ढकलला गेला. मध्य आता १,१५० वर आला. उरलेल्या १८ लाख ८५ हजारांना त्यानं भागलं तर साधारण १,६४० किलो येतात. अडीच टनांची गाडी दीड टनाच्या आसपास आली. मास्ट उंच नेला की त्यातूनही कमी होतं. हे आकडे समजण्यापुरते. तुमच्या गाडीचा खरा आकडा ती बनवणारी कंपनीच देते, क्लॅम्पसकटच्या वेगळ्या पाटीवर. जुनी पाटी तशीच ठेवून क्लॅम्प चढवलेल्या गाड्या मी इतक्या बघितल्यात की आता आधी पाटी बघतो, मग नमस्कार करतो.

यातूनच एक गोष्ट निघते आणि ती पटायला वेळ लागतो. क्लॅम्प लावलेली गाडी कधीच रिकामी नसते. अमेरिकेच्या ओशा, म्हणजे कामगार-सुरक्षेच्या नियमांत तसं लिहिलंय : असं जोडकाम असलेली गाडी माल नसतानाही अर्धवट भरलेलीच समजून चालवायची. आपल्याकडं मात्र शेवटची गाठ टाकली की गाडी सुटते. मास्ट वर तसाच, क्लॅम्प उघडा आणि वळणावर वेग.

मामा : "म्हैस रिकामी पळायली तरी शिंगं असतेतच ना."

[दृश्य : मामा थप्पीकडे जातात. क्लॅम्प उघडा.]

आता प्रत्यक्ष उचलणं बघा. मास्ट सरळ उभा. गाडी थप्पीला काटकोनात. पाट गाठीच्या मधोमध, दोन्हीकडं सारखे. तिसरा दांडा आत. पाट टेकल्यावरही मामा दांडा लगेच सोडत नाहीत, क्षणभर धरतात. सिलिंडरमध्ये दाब भरू देतात. मग गाठ जमिनीपासून चार बोटं उचलून थांबतात. हे थांबणं घाईच्या दिवसांत पहिल्यांदा गळतं. गाठ घसरायची असेल तर ती इथंच घसरते, चार बोटांवर. मग मास्ट किंचित मागं, गाठी जमिनीलगत ठेवून प्रवास. गाठींमुळं पुढचं दिसत नसेल तर गाडी उलटी चालवायची. उतारावर माल घेऊन उतरतानाही उलटीच, म्हणजे गाठी चढाच्या बाजूला राहतात.

गाठ घसरते म्हणून मिस्त्रीला बोलावून दाबाचा स्क्रू पिळणं हा मोठा रोग आहे. दाब जास्त झाला की गाठीच्या पट्ट्या तटातट तुटतात, आवळलेली रुई फुगते आणि सुटलेली पट्टी चाबकासारखी येते. घसरण्याचं कारण बहुधा दुसरंच असतं : झिजलेले पाट, ओली बारदानं किंवा चुकीच्या उंचीवर धरलेली गाठ.

[दृश्य : मामा सायलेन्सरजवळचा कापूस हातानं नव्हे, ब्रशनं काढताना. इंजिन बंद.]

आगीचं वेगळं सांगायला नको. उडालेली रुई सायलेन्सरवर, रेडिएटरवर बसते. गाठीत ठिणगी गेली तर वरून काही दिसत नाही, आत तासन्‌तास धुमसत राहते.

आणि हा ऑइलचा पाइप. याला बारीक भोक पडलं तर तेलाची धार डोळ्यांना दिसत नाही, पण कातडीतून आत शिरते. गळती हातानं चाचपायची नाही. इंजिन बंद करून, दाब सोडून मगच जवळ जायचं. शोधायचीच असेल तर पुठ्ठ्याचा तुकडा धरायचा. मामांच्या सीटमागं चहाच्या खोक्याचा एक पुठ्ठा कायम असतो.

[दृश्य : दुपार. एक तरुण मुलगा सीटवर. मामा शेजारी जमिनीवर, क्लॅम्पपासून दूर.]

हा नवा पोरगा गंगाखेडकडचा. ट्रॅक्टर चालवतो, म्हणून त्याला वाटतं हेही जमेल. मामांनी सीटचा पट्टा बांधायला लावला. गाडी कललीच तर उडी मारायची नाही, मारली की छताखाली सापडतो. स्टेअरिंग घट्ट धरून, कलायच्या उलट बाजूला अंग टाकून बसून राहायचं. हे त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

मग एकच गाठ, जमिनीवर. धर, चार बोटं उचल, थांब, खाली ठेव, सोड. पुन्हा.

पोरगा : "मामा, किती येळा?"

मामा : "हात चुकंना तवर."

पंधराव्या खेपेला पोराचा हात खटक्याकडं न जाता थेट तांबड्या मुठीवर गेला. दांडा हलला नाही. पोरानं मामांकडं बघितलं. मामा थर्मासमधून चहा ओतत होते.

मामा : "बघायलाव मी. चालू दे."

[दृश्य : गाठ चार बोटं वर. थांबलेली. मागं ट्रॉल्यांचे हॉर्न.]