प्रश्न चारचौघांत विचारा

(नांदेडला कॉलेजच्या मुलामुलींसमोर केलेलं भाषण. बोललेलं तसंच ठेवलंय, फक्त अडखळणं काढलंय.)

बसा बसा, मागं जागा नसेल तर पुढं या, इथं खाली सतरंजी आहे आणि पंखा पण लागतो. पत्रिकेत विषय छापलाय, ऑनलाइन चॅटवर तांत्रिक मदत कशी मागावी आणि कशी द्यावी. ते मी सांगणारच आहे. पण त्याआधी माझा एक हट्ट ऐकून घ्या, कारण तो सांगायला असा भरलेला हॉल काही रोज मिळत नाही. हट्ट एवढाच आहे की प्रश्न चारचौघांत विचारायचा. ग्रुपमध्ये, सगळ्यांना दिसेल असा. ‘मॅडम पर्सनलला येऊ का’ हे वाक्य मला बंद पाडायचंय.

मी परभणीला एका कॉलेजच्या लॅबमध्ये काम करते. दिवसा तिथली मशीनं सांभाळायची आणि रात्री जेवणं झाली की चॅटवर बसायचं. कोणी पायथनचं (प्रोग्राम लिहायची भाषा) विचारतं, कोणाचा लॅपटॉप चालू होत नाही, कोणाचा पेनड्राइव्ह चार जीबीच्या वरची फाइल घेत नाही (तो फॅट-३२ फॉरमॅटचा असतो बगा, त्यात एक फाइल चार जीबीपर्यंत पण जात नाही, पेनड्राइव्ह ६४ जीबीचा असला तरी). समोरच्याचं नाव माहीत नसतं, गाव माहीत नसतं, आणि माहीत असायची गरजही नसते, हेच मला त्यातलं लई आवडतं.

आता ती पूर्णेची गोष्ट. आज सकाळी गाडीने इकडं येताना पूर्णा स्टेशन लागलं आणि ठरवलं की हीच सांगायची. एका पोराला कॉलेजचा प्रोजेक्ट होता, परभणी जिल्ह्यातल्या तालुक्यांचा पाऊस. सीएसव्ही फाइल (साधा मजकूर, रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेले), वरचे मथळे इंग्रजीत, तालुक्यांची नावं मराठीत, पुढं मिलिमीटरचे आकडे. जिल्ह्यात तालुके ९. परभणी, गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, मानवत, पालम, सेलू, जिंतूर आणि पूर्णा. प्रोग्राम चालवला की लगेच लाल एरर. पोरगं मेहनती, त्याने एकेक ओळ काढून बघितली आणि शोधून काढलं की पूर्णेची ओळ काढली की सगळं चालतंय. ठेवली की मरतंय. मग त्याने ग्रुपवर काय विचारलं असेल? त्याने विचारलं, सीएसव्हीमधली एक ओळ पायथनने गाळायची कशी.

आणि उत्तर आलं! आमच्यातल्या एकाने दोन मिनिटांत कोड दिला, बरोबर दिला, त्यात काही चूक नव्हती. पोराने हात जोडलेला इमोजी टाकला. हेच बोलणं पर्सनलला झालं असतं तर विषय तिथंच संपला असता आणि एक तालुका गायब असलेला पावसाचा प्रोजेक्ट जमा झाला असता. पण बोलणं होतं ग्रुपमध्ये. तिथं एक बाई असायच्या, कधी फारसं बोलायच्या नाहीत, नुसतं वाचायच्या. त्यांनी लिहिलं, ‘अरे पण पूर्णाच कामून गाळायचं? तिथं पाऊस पडत नाही काय?’

(हशा)

हसा, पण तांत्रिकदृष्ट्या त्या रात्रीचा सगळ्यात भारी प्रश्न तोच होता. मग मी म्हटलं, बाळा, एरर जशीच्या तशी चिकटव. त्याने चिकटवली. युनिकोड डिकोड एरर, चारमॅप कोडेक, बाइट झिरो एक्स एट डी, पोझिशन अमुक, कॅरॅक्टर मॅप्स टू अनडिफाइन्ड. हे वाचलं की रोग कळतो. इथं थोडं थांबते, कारण हे मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी लागणार आहे.

कॉम्प्युटर अक्षरं बाइट म्हणून, म्हणजे आकडे म्हणून साठवतो, आणि कोणत्या अक्षराला कोणते बाइट ते ठरवणारा तक्ता म्हणजे एन्कोडिंग. यूटीएफ-८ हे त्यातलं एक, त्यात आपलं देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. अक्षर वेगळं, काना वेगळा, वेलांटी वेगळी, प्रत्येकी तीन. फाइल अशी साठवलेली होती. पण आपल्याकडच्या बहुतेक विंडोज मशीनवर पायथनला फाइल उघडताना एन्कोडिंग सांगितलं नाही तर तो जुनं १२५२ नंबरचं कोडपेज, म्हणजे तसलाच दुसरा तक्ता, धरून वाचतो, आणि ते युरोपातल्या भाषांसाठी केलेलं आहे. त्यात एका बाइटला एक अक्षर. पण त्या तक्त्यात पाच जागा रिकाम्या आहेत, त्यातली एक एट-डी, एररमध्ये आलेली तीच. आता आपला पाय मोडायचा हलन्त घ्या, त्याचे तीन बाइट आहेत ई-झिरो, ए-फाइव्ह आणि एट-डी. म्हणजे नावात जोडाक्षर आलं की वाचणारा रिकाम्या जागेवर पाय देणार आणि पडणार! परभणीच्या ९ तालुक्यांत जोडाक्षर एकाच नावात आहे, पूर्णा. त्यातल्या रफारात हलन्त लपलेला आहे. बाकीची आठ नावं गुपचूप वाचली जात होती.

आणि ती बरोबर वाचली जात होती का? अजिबात नाही. परभणीच्या जागी टोपीवाले ए, रुपयासारखी न दिसणारी कसली तरी चलनं, असा सगळा कचरा वाचला जात होता, फक्त एरर येत नव्हती. पोरगं नुसती बेरीज छापत होतं, नावं छापतच नव्हतं, म्हणून त्याला दिसलं नाही. पूर्णेची ओळ खराब नव्हती, खरं बोलणारी तेवढी एकच ओळ होती आणि तीच गाळायला निघालो होतो आपण. इलाज केवढा, तर फाइल उघडताना एन्कोडिंग इक्वल्स यूटीएफ-८ एवढं लिहायचं. नऊच्या नऊ तालुके आले.

तुम्ही नांदेडवाले, तर तुमच्यासाठी घरी बसून करायला देते. उकाराचा शेवटचा बाइट एट-वन, तो पण रिकाम्या जागेवर. त्यामुळं तुमच्या जिल्ह्यात मुदखेड पडणार, मुखेड पडणार, अर्धापूर आणि धर्माबाद रफारामुळं पडणार. किनवट, लोहा, कंधार, भोकर गुपचूप जाणार. करून बघा रात्री.

माझं म्हणणं काय, ही गोष्ट कोणी सोडवली? कोड देणाऱ्याने अर्धी, त्या बाईंनी अर्धी, एरर वाचणाऱ्यांनी थोडी. एकट्या कोणाला जमली नसती. गावात पारावर बसून बोललं की जाणारा येणारा दोन शब्द टाकून जातो, तसं आहे ते.

हे काही आपण काढलेलं नाही. आयआरसी म्हणून चॅटची पद्धत आहे, फिनलंडमधल्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी १९८८ च्या ऑगस्टमध्ये सुरू केली. त्यात खोल्या, खोलीच्या नावाआधी हॅशचं चिन्ह, आत गेलं की जो हजर त्याला दिसतं, मूळ पद्धतीत मागचं काही साठवून ठेवत नाहीत. फुकटच्या सॉफ्टवेअरची कितीतरी मदत वर्षानुवर्षं अशाच खोल्यांत चालत आलीये. २०२१ च्या मे महिन्यात फ्रीनोड नावाच्या आयआरसीच्या मोठ्या नेटवर्कच्या मालकीवरून भांडण झालं, तिथलं काम बघणारे स्वयंसेवक बाहेर पडले, त्यांनी लिबेरा चॅट काढलं, आणि उबंटू, विकिमीडिया असे मोठमोठे प्रकल्प आपापल्या खोल्या उचलून तिकडं गेले. जागा गेली तरी माणसं राहिली.

आता माझी तक्रार. लांबेल, पण बोलू द्या. ग्रुपमध्ये एखादी मुलगी पहिल्यांदा प्रश्न टाकते. साधा असतो, सेमीकोलन राहिलेला असतो. त्यावर कोणीतरी लिहितो, ‘इतकं पण येत नाही?’ आणि लगेच दुसरे चार जण तिला पर्सनलला मेसेज टाकतात, मी शिकवतो, नंबर दे. दुसऱ्या दिवशी ती ग्रुपमध्ये नसते. मला याचा मनापासून राग येतो. तिने धीर करून चारचौघांत विचारलं होतं, जे मी सगळ्यांना करा म्हणते तेच केलं होतं, आणि आपण तिला शिकवलं काय तर चारचौघांत विचारू नको. तो पहिला टोमणा मारणारा वाईट असतो असंही नाही, त्याला कोणीतरी असंच बोललेलं असतं. पण हे कुठंतरी थांबवायला लागतं, आणि ते तिथं हजर असलेल्यानेच थांबवायला लागतं. मी तिथल्या तिथं लिहिते, ‘ताई, प्रश्न चांगलाय, उत्तर इथंच देऊ.’ एवढ्याने पण फरक पडतो. तुम्ही पण लिहा.

पर्सनलचा दुसरा धोका पैशाचा. मदतीच्या नावाखाली स्क्रीन दिसणारं ॲप टाकायला लावतात आणि तुमचा ओटीपी तिकडं बसून वाचतात. ग्रुपमध्ये कोणी असं सांगितलं की दहा जण ओरडतात, टाकू नको म्हणून. खासगीत ओरडायला कोण असतं?

हार्डवेअरचं एक सांगते, पटकन. जिंतूरकडचा एक दुकानदार, ऑनलाइन फॉर्म भरून देणारा. संध्याकाळ झाली की पीसी आपोआप रीस्टार्ट. आम्ही सगळे सॉफ्टवेअरवाले, आम्ही म्हटलं इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडा. त्यात कर्नल-पॉवर, इव्हेंट ४१. त्याचा अर्थ एवढाच की मशीन नीट बंद न होता परत चालू झालं, कशामुळं ते तो सांगत नाही. मग रॅम काढून बसवा, धूळ काढा, प्रोसेसरचा पंखा बघा, सगळं करून झालं. तेवढ्यात ग्रुपमधला एक वायरमन, कोडिंगशी त्याचा काही संबंध नाही, भाच्यासाठी जॉइन झालेला, तो म्हणतो, ‘त्या टायमाला बल्ब बारीक होतो का?’ होत होता! मीटर लावला तर २३० व्होल्टच्या जागी १६० च्या आसपास. आणि यूपीएस होता, पण त्याची बॅटरी कधीच मेलेली, नुसता डबा जोडलेला. स्टॅबिलायझर आणि नवी बॅटरी, पीसी ठणठणीत. आम्ही विंडोज परत टाकायला लावणार होतो.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं म्हणतायत. पत्रिकेतला विषय राहिलाच, चला घाईत सांगते, लिहून घ्या.

मागणाऱ्याने. ‘कोणाला पायथन येतं का’ असं विचारत थांबू नका, थेट प्रश्न टाका. मराठीत लिहा, बिनधास्त, पण एररमधलं अक्षरही बदलू नका, आणि फोटो नको, मजकूर चिकटवा, वाकडा फोटो मोबाइलवर वाचता येत नाही आणि शोधता पण येत नाही. काय करायचं होतं, काय केलं, काय झालं, आणि बिघडायच्या आधी शेवटचं काय बदललं होतं, हे सांगा. मूळ काम सांगा, पूर्णा गाळायची कशी ते नको, पाऊस मोजायचाय हे सांगा. कोड टाकताना आधी आणि नंतर तीन बॅकटिक (`) द्या, व्हॉट्सॲप टेलिग्राम दोन्हीकडं चालतं. कधी कधी कीबोर्ड सरळ अवतरण चिन्हं वाकडी करून टाकतो आणि मग पायथन इनव्हॅलिड कॅरॅक्टर म्हणतो, ते बघा. आणि अनोळखी माणसाने दिलेली कमांड कळल्याशिवाय चालवू नका, विशेषतः आरएम असलेली, ती फाइली पुसते.

देणाऱ्याने. एका वेळी एकच गोष्ट बदलायला सांगा, नाहीतर कशाने सुटलं ते कळत नाही. रॅमला हात लावायला सांगायच्या आधी प्लग काढायला सांगा, लॅपटॉप असेल तर बॅटरी पण. हार्डडिस्क टकटक वाजत असेल तर काहीही प्रयोग करायला सांगू नका, बंद करा म्हणा, आतला डेटा महत्त्वाचा असेल तर रिकव्हरीवाल्याकडं पाठवा. तुम्हाला येत नसेल तर गप्प वाचा, येणारा येतो. ‘गूगल कर’ म्हणू नका, काय टाकून शोधायचं तो शब्द द्या. आणि कोणी पर्सनलला आलाच तर रागावू नका, म्हणा, हेच ग्रुपमध्ये टाक, मी तिथंच आहे.

सुटलं की परत येऊन लिहायचं, कशाने सुटलं ते. सहा महिन्यांनी तोच प्रश्न घेऊन येणाऱ्याला ते सापडतं, ‘झालं, थँक्यू’ एवढ्यावर त्याचं काही भागत नाही.

तिकडं मागं कोणाचा तरी हात वर आहे. माईक द्या त्यांना, नंतर बाहेर भेटून नको, आत्ताच विचारा. आणि स्क्रीनवर काय आलंय ते आधी वाचून दाखवा.