अडीच वर्षांची खुर्ची आणि तिचे वाटेकरी

(दृश्य: कोल्हापूर, भाऊसिंगजी रोड. महापालिकेची मुख्य इमारत, दारात दुचाकींची गर्दी.)

निवेदन:
नोव्हेंबर २०१५ ते नोव्हेंबर २०२०. सभागृह एकच, महापौर आठ. आठही महिला. कायद्यानं महापौरपदाची मुदत अडीच वर्षांची, म्हणजे पाच वर्षांत दोन महापौर पुरेसे. कोल्हापुरात पहिल्या अडीच वर्षांत तीन जणी खुर्चीवर बसल्या आणि पुढच्या अडीच वर्षांत पाच.

(दृश्य: जुन्या कोल्हापूरची छायाचित्रं.)

निवेदन:
कोल्हापूरची नगरपालिका स्थापन झाली १२ ऑक्टोबर १८५४ ला, संस्थानी काळात. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. १५ डिसेंबर १९७२ ला नगरपालिकेची महानगरपालिका झाली, पण महापौर काही लगेच मिळाला नाही. पहिली काही वर्षं प्रशासकांनीच कारभार पाहिला. १९७८ मध्ये निवडणूक झाली आणि मग कुठं शहराला ‘प्रथम नागरिक’ लाभला.

(दृश्य: सभागृह, पीठासनावरची महापौरांची खुर्ची.)

निवेदन:
या खुर्चीचे अधिकार किती? ऐकून अनेकांना नवल वाटतं. सर्वसाधारण सभा चालवायची, समसमान मतं पडली तर निर्णायक मत द्यायचं, शहराच्या वतीनं पाहुण्यांचं स्वागत करायचं. खर्चाच्या मंजुरीच्या नाड्या सोळा सदस्यांच्या स्थायी समितीच्या हातात. अंमलबजावणी आयुक्तांची, आणि आयुक्त नेमतं राज्य सरकार. रस्त्यावर डांबर पडलं नाही की लोक महापौरांना धरतात, पण ठेकेदाराला नोटीस काढायची ती प्रशासनानं.

आता अधिकार एवढे बेताचे, तर या पदासाठी एवढी चढाओढ का? मान हे एक उत्तर झालं. २०१७ पर्यंत लाल दिव्याची गाडी, नावापुढं कायमचं ‘माजी महापौर’. दुसरं उत्तर राजकीय हिशेबात आहे. २०१५ च्या निकालात ८१ पैकी काँग्रेसकडं २७ जागा, राष्ट्रवादीकडं १५. दोघांच्या आघाडीची बेरीज ४२, आणि बहुमताला लागतात ४१. म्हणजे एक नगरसेवक रुसला तरी काळजाचा ठोका चुकायचा. अशा वेळी सगळ्यांना धरून ठेवायला नेत्यांकडं काय असतं? पदं. महापौर, उपमहापौर, स्थायी सभापती, परिवहन सभापती. ती पुरत नाहीत, मग मुदतीचेच तुकडे पडतात. कुणाला वर्ष, कुणाला सहा महिने. वर्तमानपत्रांनी याला ‘पदाची खांडोळी’ म्हटलं. महापौरपदाची निवडणूक जवळ आली की नगरसेवक सहलीवर जायचे आणि मतदानाच्या सकाळी एकाच बसमधून उतरायचे. हात वर करून मतदान, हार, गुलाल, हलगी. आणि आनंदाच्या त्या गर्दीतच पुढचा नंबर कुणाचा याची कुजबुज सुरू.

यात खरा तोटा कुणाचा झाला, ते एका उदाहरणावरून कळतं. एक महापौर नोव्हेंबर २०१९ मध्ये आल्या आणि फेब्रुवारी २०२० मध्ये पायउतार झाल्या. म्हणजे वर्षाचं अंदाजपत्रक सभेपुढं यायच्या आतच मुदत संपली. अशा महापौरांना खातेप्रमुख किती गांभीर्यानं घेणार? महापौरपद महिलांसाठी राखीव झालं, ही मोठीच गोष्ट. पण त्या आरक्षणाचे असे तुकडे पडले की हाती उरते ती फलकावरच्या नावापुरती ओळ. सत्ता कुठं जायची? गावात ज्यांना ‘कारभारी’ म्हणतात त्या मोजक्या नगरसेवकांकडं. ‘ढपला’, म्हणजे सार्वजनिक पैशावर मारलेला डल्ला, हा शब्दही याच इमारतीच्या आवारात जास्त ऐकू येतो. कोल्हापूरकराला त्याचा अर्थ सांगायची गरज नाही.

(दृश्य: शाहू स्टेडियम, फुटबॉलचा सामना, गॅलरीतला जल्लोष.)

निवेदन:
तरीही पद नुसतंच पोकळ, असं म्हणणं अन्यायाचं होईल. या पेठांच्या शहरात महापौरांच्या नावानं फुटबॉलचा महापौर चषक भरला, तेव्हा पाटाकडील, खंडोबा, दिलबहार या तालमींच्या फुटबॉल संघांच्या समर्थकांची गर्दी गॅलरीत मावत नव्हती. अनंत चतुर्दशीला तुकाराम माळी तालमीचा मानाचा गणपती निघतो, तिथं महापौर हवेतच. पुढारी येतात-जातात, पण महापौर शहराचे, असं लोक धरून चालतात.

(दृश्य: काळम्मावाडी धरण, जलवाहिनी.)

निवेदन:
१५ नोव्हेंबर २०२० ला सभागृहाची मुदत संपली. कोरोना, मग प्रभागरचना आणि आरक्षणाचे वाद. निवडणूक लांबत गेली आणि कारभार पुन्हा प्रशासकांकडं. २०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणाच्या थेट पाईपलाईनचं पाणी शहरात पोचलं. ज्या पाण्यासाठी सभागृहात वर्षानुवर्षं भांडणं झाली, ते आलं तेव्हा महापौरांचा कक्ष बंद होता.

(दृश्य: मतदान केंद्राबाहेरची रांग.)

निवेदन:
१५ जानेवारी २०२६ ला अखेर मतदान झालं. आधी एका प्रभागाचा एक नगरसेवक असायचा. आता बहुतेक प्रभागांत चार-चार. जागा त्याच, ८१. पुढ्यात जुनाच विषय आहे, हद्दवाढीचा. महापालिका झाल्यापासून शहराची हद्द एकदाही वाढलेली नाही. आजूबाजूची गावं यायला तयार नाहीत, आणि निर्णय मंत्रालयात होतो. महापौरांनी त्यावर सभागृहाचा ठराव करून पाठवायचा असतो. त्या ठरावाचा पाठपुरावा करायला सहा महिन्यांचा महापौर पुरेल का, हे नव्या सभागृहातल्या नेत्यांनी ठरवायचं आहे.